रव्याचं कवच तव्यावरच का राहतं? (तळलेल्या माशांचा धागा)

खाडीकाठ:
सुरमई असो, पापलेट असो की बोंबील, तक्रार एकच: उलटायला गेलं की रव्याचा पापुद्रा तव्याला चिकटून राहतो आणि मासा उघडाबोडका वर येतो. पाककृतीत 'रव्यात घोळवून तळावे' एवढं एक वाक्य असतं. सगळी गोम त्या एका वाक्यात आहे, म्हणून हा धागा. आपापल्या किनाऱ्याची पद्धत लिहा, पण मापासकट आणि कारणासकट. 'अंदाजाने' हा शब्द इथे चालणार नाही.

सुरुवात मी करतो. अर्धा किलो सुरमई (आमच्या सिंधुदुर्गात इसवण), पाच-सहा तुकड्या, जाडी सव्वा ते दीड सेंटिमीटर. कापून घेतानाच कोळणीला जाडी सांगायची. दोन सेंटिमीटरच्या वर गेली की मधला भाग शिजेपर्यंत रवा करपतो.

१. तुकड्या धुऊन चाळणीत १० मिनिटं निथळत ठेवायच्या.
२. एक सपाट चमचा मीठ आणि अर्धा चमचा हळद चोळून २० मिनिटं. ताटलीत जे पाणी सुटेल ते फेकायचं.
३. तुकड्या सुती फडक्याने दोन्ही बाजूंनी टिपायच्या. बहुतेक जण हीच पायरी गाळतात.
४. सहा-सात लसूण पाकळ्या आणि इंचभर आलं, पाणी न घालता अगदी गुळगुळीत वाटायचं. त्यात दोन चमचे तिखट आणि एक चमचा लिंबाचा रस. हे तुकडीवर पातळ पसरायचं, खालची कातडी दिसली पाहिजे. १५ मिनिटं.
५. अर्धी वाटी बारीक रवा, अडीच चमचे तांदळाचं पीठ, पाव चमचा मीठ, अर्धा चमचा तिखट. यात तुकडी दाबायची, उलटून पुन्हा दाबायची, उचलून झटकायची. कडांना विसरायचं नाही.
६. लावल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून लगेच तेलात.

सुटण्याचं मूळ कारण पाणी. मासा आणि रवा यांच्यामध्ये पाणी राहिलं की तेलात त्याची वाफ होते आणि ती वाफ रव्याला आतून ढकलते. मसाल्याचा जाड लेप असला तरी तेच, कारण तेव्हा रवा माशाला न चिकटता लेपाला चिकटतो, आणि लेप माशाला धरून नसतोच.

चिरोटी:
उत्तम धागा, वाचनखूण साठवली. पायरी ६ ठळक करायला हवी. काही जणी सकाळी तुकड्या रव्यात घोळवून फ्रिजमध्ये ठेवतात आणि दुपारी तळतात. रवा म्हणजे गव्हाचे कण, ते ओल ओढतात आणि फुगतात. तासाभराने माशावर रवा उरत नाही, उपमा उरतो. तो तेलात टाकला की बाहेरून कडक, आतून गिच्च.

रव्याच्या जातीबद्दल:
बारीक रवा (चिरोटी रवा त्याहून बारीक) पातळ, एकसारखं कवच देतो. मुडदुशी, मांदेली, छोटा बांगडा यांना हाच.
जाड रवा दाताखाली कुरकुरतो, पण जाड तुकडीलाच शोभतो आणि झडतोही जास्त.
उपम्यासाठी आधीच भाजून ठेवलेला रवा टाळा, मासा शिजायच्या आत रंग काळपट होतो.
इडली रवा चुकूनही नको. तो तांदळाचा असतो, एवढ्याशा वेळात शिजत नाही आणि दातांत खडे आल्यासारखा लागतो. डब्यांवर चिठ्ठ्या लावा.

तांदळाचं पीठ रव्याच्या कणांमधल्या फटी बुजवतं, म्हणून हवं. पण रव्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याहून जास्त झालं की कवच पांढुरकं आणि पापडासारखं कडक होतं.

बिडाचातवा:
पाण्याचं पटलं. पण तवा आणि तेल यावर कोणीच बोलत नाही. बिडाचा किंवा लोखंडी तवा आधी कोरडा तापवा, मग तेल, तेल तापलं की मासा. थंड तव्यावर तेल आणि मासा एकदम टाकलात तर माशातली प्रथिनं धातूला धरतात आणि मग देव आला तरी सुटत नाहीत.

तेल तीन-चार मिलिमीटर उभं राहिलं पाहिजे, म्हणजे तुकडीच्या साधारण पाव उंचीपर्यंत. चमचाभर तेलात रवा तळला जात नाही, भाजला जातो. जिथे तेल पोचत नाही तिथे पांढरे कोरडे डाग दिसतात. उष्णता १७० ते १८० अंश सेल्सियस. थर्मामीटर नसेल तर चिमूटभर रवा टाका. तो लगेच फसफसून वर आला पण काळा पडला नाही, की योग्य. तळाशी बसून राहिला तर थांबा. टाकताक्षणी तपकिरी झाला तर आच कमी करा.

१० इंची तव्यावर चार तुकड्या, पाचवी नाही. गर्दी झाली की तेल थंड पडतं आणि मासा स्वतःच्याच पाण्यात शिजतो.

आणि कालथा घेऊन मागे लागू नका. पहिली बाजू साडेतीन-चार मिनिटं हलवायची नाही. कडा सोनेरी झाल्या की कालथा खालून सरकवून बघायचा. अडखळला तर आणखी अर्धा मिनिट. तयार झालेलं कवच तवा आपणहून सोडतं. उलटायचं एकदाच.

मुक्काम_वेंगुर्ला:
बिडाचातवा +१. आमच्याकडे म्हणतात, तव्यार घातलेल्या माशाक हलवूक जाव नको. शंभर टक्के खरं.

तेलात मात्र एक भर. घाण्याचं खोबरेल वापरणार असाल (आणि चवीला त्याच्या तोडीचं काही नाही) तर ते साधारण १७५ अंशांच्या आसपासच धुरकटायला लागतं. म्हणून आच मध्यमच. मोठी आच हवी असणाऱ्यांनी रिफाइंड शेंगदाणा तेल घ्यावं.

आता असहमती. लिंबू कशाला? किनाऱ्यावर राहून लिंबू पिळायचं म्हणजे घरात आगळ (कोकमाचा आंबट-खारट रस) असताना बाजारातून चिंच आणण्यासारखं. अर्धा किलोला एक मोठा चमचा आगळ. त्यात मीठ असतं, म्हणून सुरुवातीचं मीठ अर्ध्या चमच्यावर आणायचं. आगळाने वास जातो, रंग येतो आणि मांस आवळून येतं.

आगळवेगळ:
आयडीला जागून उत्तर देते. आगळ हवंच, पण दोन सूचना. अमृत कोकम म्हणजे आगळ नव्हे. अमृत कोकमात साखर असते, ती तव्यावर जळते आणि मासा कडवट काळा होतो. बाटली वाचून घ्या.

दुसरं, आंबट काहीही असो, २० मिनिटांच्या वर नको. आम्लाने माशाचं मांस न शिजवताच पांढरं पडायला लागतं. तासभर लिंबात ठेवलेलं पापलेट तव्यावर भुसभुशीत होतं, तुकडा उचलला की मोडतो. रात्रभर मुरवणं मटणाला ठीक, माशाला नाही.

आणि आगळ पातळ असतं हे विसरू नका. लावून झालं की तुकडी उभी धरून जादाचं गळू द्यायचं, नाहीतर खाडीकाठ यांनी पायरी ३ मध्ये टिपलेलं पाणी तुम्ही पायरी ४ मध्ये परत घातलंत.

चिरोटी:
मसाल्याचंही सांगून टाका कोणीतरी. तळणीच्या माशाला मालवणी मसाला लावावा का?

मुक्काम_वेंगुर्ला:
माझं मत: नको, निदान रव्यात तरी नको. मालवणी मसाला आधीच भाजलेल्या धने, बडीशेप, लवंग वगैरेंचा असतो. गरम तेलात तो पुन्हा भाजला जातो आणि कडवटतो. वाटणात अर्धा चमचा चालेल. रव्यात फक्त तिखट, हळद, मीठ. रंगासाठी ब्याडगी, झणझणीतपणासाठी संकेश्वरी, दोन्हींचं तिखट निम्मं निम्मं. तिरफळ आमटीत, तळणीत त्याचं काम नाही.

खाडीकाठ:
इथे माझी थोडी वेगळी बाजू. वाटणात एक चमचा मालवणी मसाला घालून, वरून फक्त तांदळाचं पीठ लावून मंद आचेवर तळलेला बांगडा कडवट होत नाही. करपतो तो रव्यात मिसळलेला कोरडा मसाला, कारण तो थेट तव्याला लागतो. लसणाचंही तसंच, भरड लसणाचे कण सगळ्यात आधी काळे पडतात. लसणाचा स्वाद हवाच असेल तर तीन-चार पाकळ्या सालासकट ठेचून तेलात टाका, गुलाबी झाल्या की काढा, मग मासा सोडा.

नवशिक्या_तवा:
एक शंका. जून-जुलैत ताजी सुरमई मिळत नाही, मग फ्रीझरमधली आणावी लागते. तिला रवा कधीच नीट बसत नाही. वर लिहिलेलं सगळं करूनही. कुठे चुकतंय?

खाडीकाठ:
१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा बहुतेकांना हाच प्रश्न पडतो. गोठवताना माशाच्या पेशींत बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशी फुटतात. वितळताना ते पाणी बाहेर येतं, आणि येतच राहतं. शिवाय विकतच्या गोठवलेल्या तुकड्यांवर बर्फाचा पातळ थर मुद्दाम दिलेला असतो.

उपाय: आदल्या रात्री फ्रीझरमधून खाली, चाळणीत, खाली वाडगं ठेवून. फ्रिजमध्येच १० ते १२ तास. गरम पाण्यात किंवा ओट्यावर वितळवू नका. मग मीठ २० ऐवजी ३० मिनिटं, आणि टिपणं दोनदा: मिठानंतर एकदा, मसाला लावायच्या आधी पुन्हा एकदा. इथे आगळ-लिंबू वगळा, वाटणच थोडं आंबट हवं असेल तर चिमूटभर आमसूल पूड. रवा लावायच्या आधी तुकडीवर तांदळाच्या पिठाचा नुसता हात फिरवा. ते उरलेली ओल पितं आणि रव्याला धरायला पृष्ठभाग मिळतो.

बिडाचातवा:
किंवा त्या दोन महिन्यांत सुक्या मासळीवर भागवा. सोडे, सुकट, सुके बोंबील यांचा मोसमच तो.

पाटावरवंटा:
ओल्या बोंबलाचा स्वतंत्र अध्याय हवा. बोंबील म्हणजे काट्याला धरून उभं राहिलेलं पाणी. त्याला वरची पद्धत तशीच लावली तर तव्यावर खीर होते.

डोकं, पर, शेपटी काढा. पोटाकडून उभा चिरा, पुस्तकासारखा उघडा, मधला काटा सुरीच्या टोकाने उचलून काढा. पसरलेले बोंबील सुती पंचात एका थरात मांडा, वर पंचाचा दुसरा पदर, वर ताट आणि त्यावर पाटा किंवा पाण्याने भरलेलं पातेलं. ४५ मिनिटं ते एक तास. मध्ये एकदा पंचा बदला, पहिला चिंब झालेला असतो. हवा गरम असेल तर हे सगळं फ्रिजमध्ये, पाट्याऐवजी दुधाच्या पिशव्यांचं वजन.

मीठ दाबून झाल्यावर, आणि तेही मसाल्यासोबतच. आधी लावलंत तर दाबलेलं मांस पुन्हा पाझरतं. वाटण अगदी जेमतेम, सहा बोंबलांना दीड चमचा. मग एक भाग रवा, एक भाग तांदळाचं पीठ. बोंबलाला पीठ जास्त लागतं, कारण नुसता रवा त्याच्या मऊ अंगात रुततो. दोन्ही बाजू अडीच-तीन मिनिटं. कडा तपकिरी, बाकी सोनेरी. कालथा रुंद घ्या, अरुंद असेल तर मध्येच मोडतो.

आगळवेगळ:
"काट्याला धरून उभं राहिलेलं पाणी" :) तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं) आणि हसू एकदमच.

दर्यापार:
रवा सोडून पावाच्या चुऱ्याबद्दलही लिहा. वसईकडे आणि गोव्यात ख्रिस्ती घरांत कटलेट, कोळंबी, बिनकाट्याच्या तुकड्या पावाच्या चुऱ्यात तळतात. पद्धत वेगळी आहे आणि रव्याचे नियम तिथे उलटे पडतात.

चुरा घरी: दोन दिवसांचे पाव फोडून १२० अंशांच्या ओव्हनमध्ये २० ते २५ मिनिटं, किंवा कडक उन्हात दिवसभर. मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा, रव्याच्या चाळणीने चाळा. वर राहील तो भरड चुरा माशाला, खाली पडेल ती भुकटी कटलेटच्या सारणात.

तीन ताटल्या मांडा. मैदा किंवा तांदळाचं पीठ, चिमूटभर मीठ. एक अंडं, एक चमचा पाणी घालून फेटलेलं. मग चुरा. मासा याच क्रमाने. पीठ ओल शोषतं, अंडं पिठाला धरतं आणि तापल्यावर घट्ट होऊन चुऱ्याला बांधून ठेवतं. पीठ गाळलं तर अंडं माशावरून घसरतं आणि सगळं कवच मोज्यासारखं निघतं. एक हात कोरड्या ताटल्यांना, दुसरा अंड्याला, नाहीतर बोटांचीच कटलेटं होतात.

आता उलटा नियम: चुरा लावलेला मासा १५ ते २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. अंडं आणि पीठ एकजीव होतात, कवच घट्ट बसतं. मध्ये अंड्याचा थर असल्याने चुरा रव्यासारखा लगेच ओला होत नाही.

पाव आधीच भाजलेला, शिवाय त्यात थोडी साखर, म्हणून तो रव्यापेक्षा लवकर लाल होतो. १६५ अंश पुरे. म्हणूनच चुरा पातळ, बिनकाट्याच्या तुकडीला, जी दोन-अडीच मिनिटांत शिजते. अख्ख्या पापलेटाला चुरा लावाल तर बाहेर कोळसा, आत कच्चं.

चिरोटी:
अख्ख्या पापलेटाचं आणि बांगड्याचं राहिलं.

मुक्काम_वेंगुर्ला:
पापलेट अडीचशे ते तीनशे ग्रॅमचं घ्या. त्याहून मोठं असेल तर तुकड्या करा. अगदी छोटी, तळहाताएवढीही नसलेली घेऊ नका. पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे आणि अंडी घालायच्या आधीच पिल्लं पकडली जातात ही रड जुनीच आहे. दोन्ही बाजूंना तीन-तीन तिरप्या चिरा, काट्याला सुरी लागेपर्यंत. चिरांमध्ये वाटण भरायचं, पण बोटाने पुसून सपाट करायचं. वर उरलेलं वाटण रव्याला धरू देत नाही. मध्यम आच, प्रत्येक बाजू पाच-सहा मिनिटं. चिरेत सुरीचं टोक घालून बघा: मांस काट्यापासून सुटलं आणि पारदर्शक गुलाबी उरलं नाही, की झालं.

बांगड्याला पोट साफ करताना आतली काळी पातळ त्वचा आणि काट्यालगतचं रक्त नखाने खरवडून काढा. कडवटपणा तिथे असतो, मसाल्याला दोष देऊ नका. बांगडा स्वतःच तेलकट, त्याला तव्यात दोन मिलिमीटर तेल पुरतं.

आणि बांगडा-सुरमई बाजारातून आणली की थेट बर्फात किंवा फ्रिजमध्ये. या जातीचे मासे उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, अंगावर पुरळ उठतं, तोंड चुरचुरतं. तळून किंवा उकळून ते जात नाही.

नवशिक्या_तवा:
झाकण ठेवायचं का? आणि गाभोळी (माशाची अंडी) रव्यात तळली तर फुटते, तेल अंगावर उडतं.

पाटावरवंटा:
झाकण नाही. वाफ कोंडली की रवा मऊ. जाड पापलेट आत कच्चं राहण्याची भीती असेल तर आच कमी करा, वेळ वाढवा.

गाभोळी आधी हळद-मिठाच्या पाण्यात मंद आचेवर चार-पाच मिनिटं उकडून घ्या, पाणी खदखदू देऊ नका. गार झाली की सेंटिमीटरभर चकत्या करून रव्यात घोळवा. अख्खीच तळायची हौस असेल तर सुईने आठ-दहा ठिकाणी टोचा, नाहीतर आतली वाफ पडदा फोडून बाहेर येते.

बिडाचातवा:
तळून काढलेला मासा कागदावर पसरवून ठेवायचीही सवय सोडा. खालची बाजू स्वतःच्या वाफेत भिजते. जाळी असेल तर जाळीवर, नसेल तर चाळण उपडी घालून तिच्यावर. आणि दर दोन खेपांनंतर तव्यातला सुटा रवा झाऱ्याने काढा, तोच काळा होऊन पुढच्या तुकड्यांना चिकटतो.

दर्यापार:
एअर फ्रायरवाले येण्याआधीच लिहितो: रव्याला तेल लागतंच, नुसत्या गरम हवेत तो पांढरा आणि कच्चा राहतो. करायचंच असेल तर पावाचा चुरा घ्या, चमचाभर तेलात कढईत आधी बदामी परतून मग माशाला लावा. २०० अंश, दीड सेंटिमीटर तुकडीला १० ते १२ मिनिटं, मध्ये एकदा उलटून.

आगळवेगळ:
गहू चालत नसेल त्यांच्यासाठी: पातळ पोहे कोरडे, मंद आचेवर कुरकुरीत करून भरड दळा. जाड पोहे नकोत, ते टणक राहतात. त्यात चौथा हिस्सा तांदळाचं पीठ. पोहे रव्याहून लवकर रंग धरतात, म्हणून आच बारीक.

नवशिक्या_तवा:
उरलेली तुकडी दुसऱ्या दिवशी पुन्हा कुरकुरीत होते का?

बिडाचातवा:
पहिल्या दिवसासारखी नाही. कोरडा तवा, मंद आच, तेल नको, दोन्ही बाजू तीन-तीन मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये रवा चामड्यासारखा होतो. त्यापेक्षा काटे काढून, कुस्करून, कांदा-मिरची-ओल्या खोबऱ्यासोबत परता आणि भाकरीबरोबर खा.